जुन्या नॅसला नव्या डिस्क

प्रश्न : आमच्या कार्यालयातील २०१२ सालच्या नॅसमध्ये (नेटवर्कवरून सर्वांना वापरता येणारे साठवणयंत्र) २ टीबीच्या दोन डिस्क रेड-१ पद्धतीने (RAID-1, दोन्ही डिस्कवर तीच माहिती) जोडल्या आहेत व त्या भरत आल्या आहेत. आधी फर्मवेअर (यंत्र चालवणारी अंगभूत प्रणाली) अद्ययावत करावे की डिस्क बदलाव्यात?

उत्तर : सर्वांत आधी सगळ्या माहितीची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी, कारण रेड-१ डिस्क बिघडल्यास वाचवते, चुकून पुसलेली फाइल परत देत नाही. त्यानंतर, दोन्ही जुन्या डिस्क निरोगी असतानाच, यूपीएसवर फर्मवेअर अद्ययावत करावे. मोठ्या डिस्क ओळखण्याची क्षमता अनेकदा त्यातूनच येते. उत्पादकाच्या सुसंगत डिस्कची यादी खरेदीपूर्वी अवश्य पाहावी.

डिस्क निवडताना एसएमआर प्रकार कटाक्षाने टाळावा. त्यात चुंबकीय पट्टे कौलांप्रमाणे एकमेकांवर चढवलेले असल्याने पुनर्लेखन मंदावते आणि रेडची पुनर्बांधणी (नव्या डिस्कवर माहिती पुन्हा उतरवणे) रेंगाळते. वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (Red) नावाच्या मालिकेतील काही डिस्क या प्रकारच्या असल्याचे २०२० मध्ये उघड झाले, म्हणून केवळ नावावर विसंबू नये. ‘रेड प्लस’ किंवा सीगेटची ‘आयर्नवुल्फ’ या सीएमआर (पट्टे एकमेकांवर न चढवलेल्या) मालिका मी सुचवेन. एका वेळी एकच डिस्क बदलावी आणि पुनर्बांधणी पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नये.