ईसीजी नॉर्मल, तरी जीव जातोय असं वाटतं: हा पॅनिक अटॅक असेल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दोन महिन्यांत चार वेळा अचानक छातीत धडधड, श्वास पुरेना, हातापायांना मुंग्या, 'आता संपलं' असं वाटणं. दोनदा ईसीजी काढला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की हल्ली लिफ्टने जात नाही, सहा मजले चढून जातो. हे पॅनिक अटॅक आहेत का, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलं तर जन्मभर गोळ्या मागे लागतील का, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. या दुखण्याबरोबर अडीच वर्षं काढली आहेत, एवढाच माझा अधिकार. निदान डॉक्टरच करतील. पण तुमच्या लिहिण्यात मला धडधडीपेक्षा ते लिफ्टचं वाक्य जास्त टोचलं. असा एखादा झटका आयुष्यात पुष्कळ लोकांना येऊन जातो आणि ते विसरूनही जातात. दुखणं मुरायला लागतं ते पुढच्या झटक्याच्या धास्तीने माणूस जागा, वेळा, रस्ते बदलायला लागतो तेव्हा. उपचारात मुख्य काम चालतं तेही या धास्तीवर. मला हे कळायला फार वेळ लागला, म्हणून तुम्हाला आधीच सांगते.

पहिला झटका मला इस्त्री करताना आला. सुट्टीची दुपार, घरात भांडण नाही, कामाचा ताण नाही, रेडिओ चालू. शर्टाची कॉलर उलटी करून इस्त्री फिरवत होते आणि एकदम मानेतली शीर कानात वाजायला लागली. ओठ बधिर झाले. बोटं आखडून एकमेकांना चिकटली, सरळ होईनात. खोली ओळखीची, पण काचेपलीकडून बघितल्यासारखी. नवऱ्याला हाक मारायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. दवाखान्यात पोचेपर्यंत निम्मं ओसरलं होतं, ईसीजी स्वच्छ निघाला आणि मी अक्षरशः ओशाळले. घरी आलो तर शर्टाच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग. तो शर्ट मी बरेच महिने कपाटात ठेवला होता. मला खरंच काहीतरी झालं होतं, याचा माझ्याकडे तेवढाच पुरावा होता.

आता ओळखायचं कसं? भीती किंवा अस्वस्थता एकाएकी उसळते आणि काही मिनिटांतच, बहुतेकदा दहा मिनिटांच्या आत, टोक गाठते. सोबत धडधड, दरदरून घाम, थरथर, गुदमरल्यासारखं होणं, छातीत दुखणं, मळमळ, गरगरणं, मुंग्या, अंगात थंडीची किंवा उष्णतेची लाट, आपण किंवा आजूबाजूचं जग खरं नाही असं वाटणं, मरणार किंवा वेड लागणार अशी खात्री. निदानाच्या नियमांत अशी १३ लक्षणं दिली आहेत आणि त्यातली निदान ४ एकदम असावी लागतात. पण एवढ्याने झटका ठरतो, आजार ठरत नाही. कारण नसताना झटके पुन्हा पुन्हा येणं आणि त्यानंतर महिनाभर किंवा जास्त पुढच्याची काळजी लागून राहणं किंवा त्यासाठी वागणं बदलणं, याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. तुमचे सहा मजले या दुसऱ्या भागात येतात. झटका झोपेतूनही उठवतो बरं का. स्वप्न वगैरे काही नाही, माणूस एकदम ताडकन उठून बसतो. माझा तिसरा तसाच होता.

एक गोष्ट मात्र घरबसल्या ठरवू नका. छातीतलं दुखणं पहिल्यांदाच आलं असेल, किंवा नेहमीपेक्षा वेगळं असेल, दाबल्यासारखं, जबड्यात किंवा हातात जाणारं, श्रमाने वाढणारं, न ओसरणारं, तर 'पॅनिक असेल' म्हणून थांबू नये. सरळ इमर्जन्सीत जायचं. हृदयविकाराचा झटका आणि हा झटका वरवर फार सारखे दिसतात आणि चूक एकाच बाजूला परवडते.

तुमचा ईसीजी झालाय. पण तो धडधड थांबल्यावर काढला असेल तर त्यात हृदयाच्या ठोक्यांच्या तालाचा दोष सुटू शकतो. धडधड दिव्याच्या बटणासारखी एका क्षणात चालू आणि एका क्षणात बंद होत असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. मग ते चोवीस तास किंवा जास्त वेळ अंगावर लावायचं हॉल्टर मशीन सुचवतील. थायरॉइड जास्त काम करणं, रक्त कमी असणं, साखर घसरणं, दमा, यांचेही झटके असेच भासतात. खूप कॉफी, दारू सुटण्याच्या वेळचा त्रास, गांजा, काही औषधं, हेही विचारलं जाईल. लाजून लपवू नका. हे सगळं एकदा नीट तपासून घ्या आणि मग, हे मी अनुभवाने सांगते, तपासण्या थांबवा. मी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणलं होतं. सुरुवातीला ९८ दिसलं की दिवसभर हायसं वाटायचं. पुढे तासभर. शेवटी शेवटी बोट बाहेर काढेपर्यंत शंका परत यायची.

'टेन्शन घेऊ नका' या वाक्याचा मला आजही राग आहे. ज्या डॉक्टरांनी मला ते सांगितलं ते माणूस म्हणून चांगले होते, पण नॉर्मल रिपोर्ट हातात देऊन त्यांनी मला घरी पाठवलं आणि मी समजले की एकतर यांना आजार सापडत नाही, नाहीतर मी नाटक करतेय. तिसरी शक्यता कुणी सांगितलीच नाही. खरं तर हे काही नवं नाही. अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांची अशी धडधड आणि छातीतलं दुखणं जेकब मेंडेस दा कोस्टा या डॉक्टरांनी १८७१ साली नोंदवून ठेवलंय. त्यांनी त्याला चिडकं हृदय म्हटलं, आणि हृदयात म्हणण्यासारखा दोष बहुतेकांत सापडत नव्हता. पॅनिक डिसऑर्डर हे वेगळं निदान म्हणून अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेच्या पुस्तकात आलं मात्र १९८० मध्ये.

शरीरात काय होतं ते समजलं तेव्हा माझी निम्मी भीती गेली, म्हणून थोडं सविस्तर. धोका दिसला की अ‍ॅड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो. पळायचं किंवा लढायचं असेल तर हे उपयोगाचंच. पण तुम्ही इस्त्री धरून उभे असता. पळत नाही, म्हणून त्या जादा श्वासांची शरीराला गरज नसते. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्याने मेंदूकडच्या रक्तवाहिन्या किंचित आकसतात, गरगरतं. रक्त जरा अल्कलीकडे झुकतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम घटतं आणि ओठांना, बोटांना मुंग्या येतात, बोटं आखडतात. म्हणजे मला श्वास पुरत नव्हता असं वाटत होतं तेव्हा मी प्रत्यक्षात जास्त श्वास घेत होते! चक्कर येऊन पडेन ही भीतीही बहुतेकांना असते. बेशुद्ध पडायला सहसा रक्तदाब कोसळावा लागतो, आणि या झटक्यात तो उलट थोडा वर असतो.

पण मग मुळात धोका कुठून आला? डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये जी मांडणी केली ती मला सगळ्यात पटते. शरीरात काहीतरी साधं होतं, जिना चढल्याची धडधड म्हणा. मन त्याचा अर्थ 'हार्ट अटॅक' असा लावतं. त्या अर्थाने भीती, भीतीने आणखी धडधड, आणि 'बघ, म्हटलं होतं ना'. असं चक्र काही मिनिटांत पूर्ण फिरतं. लिफ्ट टाळल्यावर काय होतं तर 'लिफ्टमध्ये गेलो असतो तर मेलो असतो' हे खोटं ठरायची संधीच मिळत नाही. पाण्याची बाटली, कडेची खुर्ची, सोबत कुणीतरी, खिशातली गोळी, या सगळ्या त्याच जातीच्या कुबड्या. माझ्याकडे चारही होत्या.

उपचाराचे दोन मार्ग, आणि दोन्हींचा गुण येतो. पहिला सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक बदलण्याची, ठरावीक बैठकांची थेरपी. साधारण दहा-पंधरा बैठका. माझ्या थेरपिस्टबाईंनी चौथ्या बैठकीत मला फिरती खुर्ची दिली आणि मिनिटभर गरगर फिरवलं. मग नाक चिमटीत धरून बारीक नळीतून श्वास. मग जागच्या जागी धावणं. प्रत्येक वेळी त्या विचारायच्या, भीती शंभरपैकी किती? पहिल्यांदा नळी तोंडात धरली तेव्हा मी ९० सांगितलं आणि वीस सेकंदांत नळी फेकून दिली. त्यांनी ती उचलली, दुसरी काढली, म्हणाल्या, 'घाई नाही, पुन्हा घ्या.' त्या दिवशी सहाव्या खेपेला मी ३५ सांगितलं, आणि त्यातही खरं कारण भीती नव्हतं, मला हसू येत होतं. जी लक्षणं टाळायची तीच मुद्दाम आणायची, आणि काही होत नाही हे शरीराला शिकवायचं, असा हा प्रकार. दमा, हृदयविकार, फिट्स, गरोदरपण असेल तर हे स्वतःच्या मनाने करायचं नाही. मलाही आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगितली होती.

दुसरा मार्ग गोळ्यांचा. तुम्हाला ज्याची भीती आहे तो. सहसा सुरुवात एसएसआरआय गटातल्या, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या, औषधाने होते, उदाहरणार्थ सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम वगैरे. त्याचं व्यसन लागत नाही, पण एकदम बंद केलं तर चक्कर, झोप उडणं, चिडचिड असा त्रास होतो, म्हणून कमी करत करतच थांबवतात. दोन गोष्टी कुणी सांगत नाही म्हणून सांगते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत अस्वस्थता वाढू शकते. त्यासाठीच डोस थोड्यापासून सुरू करतात. मी चौथ्या दिवशी गोळ्या फेकायच्या बेतात होते. आणि खरा फरक दिसायला चार ते सहा आठवडे, कधी जास्तही लागतात. बरं वाटल्यावरही सहा महिने ते वर्षभर चालू ठेवायला सांगतात, पुढे बहुतेकांच्या बाबतीत उतरवता येतं. माझ्या चौदा महिन्यांनी थांबल्या. कुणाच्या लवकर, कुणाच्या उशिरा. त्याला जन्मभर म्हणत नाहीत.

खरी सावधगिरी लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशा लगेच शांत करणाऱ्या गोळ्यांची. त्या अर्ध्या-एक तासात काम करतात, आणि गोम तिथेच आहे. शरीराला सवय लागते, डोस वाढत जातो, आणि रोज घेतलेल्या गोळ्या एकदम सोडल्या तर फिट्ससुद्धा येऊ शकतात. दारूबरोबर तर अजिबात नाही. डॉक्टरांनी थोडे दिवस दिल्या तर घ्या, पण किती दिवस आणि कशा उतरवायच्या हे त्याच भेटीत विचारून घ्या. शेजाऱ्याच्या डब्यातली घेऊ नका. आधीपासून घेत असाल तर हे वाचून एकदम बंदही करू नका.

कुणाकडे जायचं? औषध लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ. थेरपी करतात ते मानसशास्त्रज्ञ, आणि फोन करतानाच 'पॅनिकसाठी सीबीटी करता का' असं विचारायला संकोचू नका. नुसत्या गप्पा मारून हे फारसं हलत नाही, असं माझं मत. जाताना प्रत्येक झटक्याची तारीख, कुठे, किती मिनिटं, त्याआधी काय चाललं होतं, आणि त्यानंतर काय काय टाळायला लागलात, हे कागदावर लिहून न्या. समोर बसलं की सगळं विसरायला होतं. मन सतत उदास असेल, जगणं नको वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि दवाखान्यात जा. पॅनिक आणि अशी उदासी पुष्कळदा एकत्र असतात.

झटका आलाच तर कागदी पिशवीत श्वास घेऊ नका. तो जुना सल्ला आहे आणि दुखणं दुसरंच असेल तर त्याने धोका होतो. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या, आणि जमलं तर जिथे आहात तिथून पळू नका. श्वासाचे व्यायाम चांगले, पण 'व्यायाम केला म्हणून वाचलो' असं वाटायला लागलं तर तीही पाचवी कुबडी. घरच्यांना सांगून ठेवा की 'काही होत नाहीये तुला' म्हणू नका. माझा नवरा पुढे नुसता शेजारी बसून घड्याळ बघायचा आणि म्हणायचा, 'सहा मिनिटं झाली.' त्याचा उपयोग व्हायचा.

लिफ्टचं म्हणाल तर थेरपी सुरू होईपर्यंत थांबायची गरज नाही. उद्या एक मजला लिफ्टने, पाच चढून. तोच एक मजला दिवसातून चार-पाच वेळा, कंटाळा येईपर्यंत. मग दोन. माझा शेवटचा मोठा झटका गेल्या वर्षी एका रांगेत आला, पुढे अकरा माणसं होती. मी मोजली होती. रांग सोडली नाही. खिडकीशी पोचले तेव्हा घामाने हात ओला होता आणि सही इतकी वाकडी आली की आतल्या बाईंनी ती पुन्हा करायला लावली.