पहिल्या ५० मीटर प्रोन मॅचसाठी राउंड निवडताना

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

एअर रायफलच्या दहा मीटरवरून तू पॉइंट टू टू रायफलवर आलीस आणि ५० मीटर प्रोनची, म्हणजे पालथं झोपून मारायची, पहिली मॅच तोंडावर आली. राउंड (काडतुसं) कोणते घेऊ, असं विचारलं आहेस. यादीतलं सगळ्यात महाग नाव सांगून मोकळं होता येईल, पण त्याने तुझं काम भागणार नाही. तुझ्या बॅरलला मानवणारा लॉट, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेली खेप, शोधायचा, त्याच लॉटचे पुरेसे राउंड बाजूला काढायचे आणि मॅच संपेपर्यंत त्यात बदल करायचा नाही. बाकी सगळं या एका गोष्टीसाठी.

आधी टार्गेटचं माप डोक्यात पक्कं कर. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाची रिंग १०.४ मिलिमीटर व्यासाची असते आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. गोळीची कड रिंगला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत हवा. पुढची प्रत्येक रिंग ८ मिलिमीटर बाहेर, आणि दशांशाचा प्रत्येक टप्पा ०.८ मिलिमीटरचा. प्रोनमध्ये आता दशांशानेच गुण मोजतात, ६० शॉटना जास्तीत जास्त ६५४. त्यामुळे राउंडमधला दोन-तीन मिलिमीटरचा फरकही गुणांत दिसतो.

आता वेग. मॅचचे राउंड मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेले असतात. गोळी ४० ग्रेनची, साधारण २.६ ग्रॅम, आणि नळीतून निघताना वेग सेकंदाला ३२५ ते ३३० मीटर. पाकिटावर ‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेले राउंड सुमारे ३८० मीटरने निघतात, म्हणून ते वाऱ्यात कमी सरकतील असं नव्या मुलांना वाटतं. होतं उलटं. वारा गोळीला किती ढकलणार हे ती वाटेत किती वेग गमावते त्यावर ठरतं, आणि आवाजाच्या वेगापलीकडे हवेचा अडथळा एकदम वाढतो. सेकंदाला एक मीटरच्या आडव्या वाऱ्यात, म्हणजे झेंडी जेमतेम हलते तेवढ्यात, मॅच राउंड ७ ते ८ मिलिमीटर सरकतो. जवळजवळ एक रिंग गेली. हाय व्हेलॉसिटीचा राउंड त्याच्या दीडपट सरकतो. तो घेऊच नकोस.

वर-खाली होणाऱ्या शॉटचं कारण बहुतेकदा वेगातला फरक असतो. एक राउंड ३२५ने आणि दुसरा ३३५ने निघाला, तर ५० मीटरवर दोघांत सुमारे ७ मिलिमीटरचं उभं अंतर पडतं. चांगल्या मॅच राउंडला जास्त पैसे पडतात ते मुख्यतः हा फरक आवळून धरण्याचे.

एकाच नावाचे दोन लॉट म्हणजे मात्र दोन वेगळे राउंड समज. रिममधलं (काडतुसाच्या तळाच्या कडेतलं) पेट घेणारं मिश्रण, दारू, गोळीवरचं मेण, मशीनची जुळणी, सगळ्यांत किंचित फरक पडतो, आणि तुझी बॅरल त्यातला एखादाच आपला मानते. मैत्रिणीच्या रायफलमधून सोन्यासारखा चालणारा लॉट तुझ्या रायफलमधून पसरू शकतो. लॉट नंबर पाकिटावर छापलेला असतो. तो वहीत लिहिल्याशिवाय पाकीट उघडू नकोस.

टेस्ट अशी घे. तीन किंवा चार लॉट, प्रत्येकाचं एक-एक पाकीट, म्हणजे ५० राउंड. त्याआधी अ‍ॅक्शनचे स्क्रू (बोल्टचा भाग दस्त्याला धरणारे) कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) घट्ट कर, कारण सैल स्क्रूचा दोष राउंडवर ढकलला जातो. लॉट बदलताना, विशेषतः ब्रँड बदलताना, बॅरल साफ कर आणि पहिले १० राउंड मोजू नकोस, ते नळीत नवं मेण बसवण्यात जातात. पुढचे ४० राउंड दहा-दहाच्या चार ग्रुपमध्ये मार. पाच शॉटचा ग्रुप फसवतो. पाच गोळ्या योगायोगानेही एका भोकात जातात, दहा क्वचित जातात. क्लबमध्ये रायफल बांधायचा शिकंजा असेल तर त्यात, नसेल तर वारा पडलेल्या सकाळी रेस्टवर (रायफल टेकवायच्या आधारावर). मग चारही ग्रुप एकावर एक ठेवून बघ. सर्वांत लहान ग्रुप कुणाचा, हे बघून निवडू नकोस. चाळीस शॉटमध्ये भटकलेले शॉट कुणाचे सर्वांत कमी, तो लॉट तुझा. ग्रुपचं माप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत २१.६ मिलिमीटरच्या आत असेल, तर ते सगळे शॉट दहाच्या रिंगमध्ये मावतात.

ब्रँडचं म्हणशील तर पहिल्या मॅचला मधल्या दर्जाचे राउंड पुरे. एली क्लब, एसके रायफल मॅच, आरडब्ल्यूएस रायफल मॅच, क्लबमधून जे मिळतील त्यांतून टेस्ट घे. टेनेक्स, एक्स-अ‍ॅक्ट, आर ५० या वरच्या दर्जाच्या राउंडच्या मागे आत्ता लागू नकोस. हिशेब सांगतो. समज, प्रोनमध्ये तुझा ग्रुप मध्यापासून मध्यापर्यंत ३५ मिलिमीटरचा आहे आणि त्यात राउंडचा स्वतःचा पसारा १६चा. महागडा लॉट घेऊन तो पसारा १२वर आणलास, तरी पूर्ण ग्रुप ३३च्या वरच राहतो, कारण इथे वर्गांची बेरीज होते, आकड्यांची नाही. चार मिलिमीटरचे पैसे मोजून दीड मिलिमीटर हातात येतं. तेच पैसे सरावाच्या राउंडवर घाल. तुझा होल्ड (रायफल धरण्यातला तुझा स्वतःचा पसारा) १५-१६ मिलिमीटरवर आला की मग वरच्या दर्जाचं बोलू. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनचं विश्वविजेतेपद ६००पैकी ५९७ गुणांनी मिळवलं. त्या पातळीवर राउंडमधला एकेक मिलिमीटर खरोखर भाव खातो.

निवडलेल्या लॉटचे किमान ५०० राउंड घे, म्हणजे दहा पाकिटं. मॅचसाठी ६०, साइटरसाठी (मॅचआधीच्या, गुण न धरल्या जाणाऱ्या शॉटसाठी) २० ते २५, थोडी राखीव, असे १०० राउंड पहिल्याच दिवशी वेगळे काढून त्यावर ‘मॅच’ लिही. उरलेल्या ४००वर झिरो (साइट टार्गेटच्या मध्याला जुळवणं) आणि सराव. राउंड संपत आले म्हणून मॅचच्या आठवड्यात दुसरा लॉट आणलास तर झिरो हलेल आणि दोष तू स्वतःच्या नेमाला देशील. उसने सुटे राउंडही कुणाकडून घेऊ नकोस. त्यांचा लॉट कळत नाही, आणि शस्त्र कायद्याखाली काडतुसं अशी हातोहात देता-घेता येत नाहीत. खरेदी, साठा, प्रवास, सगळं क्लबच्या आणि परवान्याच्या नोंदीतून. विमानाने जाणार असशील तर विमान कंपनीला आधी लेखी कळव. राउंड मूळ पाकिटात, रायफलपासून वेगळे.

जपणुकीत मेण सांभाळायचं आहे. गोळीवरचा तो पातळ थर गेला की शिशाचे कण नळीत चिकटतात आणि ग्रुप फाटतो. म्हणून उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत राउंड कधीही नको. काडतूस तळाकडून धर, घामेजल्या बोटाने गोळीला हात नको. मॅटवर पडलेलं काडतूस त्या दिवशी वापरू नकोस, मेणाला चिकटलेला वाळूचा कण नळीला ओरखडा पाडतो. पावसाळ्यात हवाबंद डबा, आत सिलिका जेलची पुडी.

मॅचच्या दिवशी ६० राउंड एका ब्लॉकमध्ये, साइटरचे दुसऱ्यात. पहिल्या १५ मिनिटांत साइटर हवे तितके मारता येतात, त्यानंतर एकही नाही, आणि ६० शॉटना ५० मिनिटं. थंड, साफ बॅरलचे पहिले काही शॉट बाजूला जातात, त्यांच्यावर साइटचे क्लिक फिरवू नकोस. आठ-दहा शॉट झाल्यावर ग्रुपचा मध्य बघून फिरव. वाऱ्यासाठी थांबायचं असेल तर भरण्याआधी थांब. तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस पडून राहिलं की मेण आणि दारू दोन्ही तापतात आणि शॉट उंची सोडतो.

राउंड उडाला नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांब, मग बोल्ट उघड. रिमवर पिनची खूण खोल असेल तर दोष राउंडचा, रिममध्ये मिश्रण त्या जागी पसरलेलं नसतं. खूण उथळ असेल तर पिन किंवा स्प्रिंग तपासून घे. आवाज दबका आला आणि टार्गेटवर भोक नाही, तर पुढचा राउंड भरायचाच नाही. गोळी नळीत अडकलेली असू शकते. हात वर करून रेंज ऑफिसरला बोलाव.

टेस्ट झाली की प्रत्येक लॉटचे चारही ग्रुप एकाखाली एक ठेवून फोटो पाठव. शेजारी मोजपट्टी ठेव, म्हणजे मला इथून मापं घेता येतील.