बनावट पासपोर्ट विमानतळावर खरंच पकडला जातो का? आमच्या अमळनेरकडे एक एजंट 'आखातात जायला आठवड्यात पासपोर्ट देतो' म्हणतोय.

भाऊ, त्याच्या नादी लागू नका. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली 44-44 अक्षरांच्या दोन ओळी असतात. त्यात पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, मुदत आणि प्रत्येकामागे गणिताने काढलेला एक ताळ्याचा आकडा. जन्मतारखेतला एक अंक खोडून बदलला की ताळा चुकतो आणि मशीन लगेच ओरडतं. चोरीला गेलेल्या पासपोर्टची इंटरपोलची यादी 2002 पासून आहे, तीही तपासता येते. अतिनील दिव्याखाली नकली कागद उघडा पडतो तो वेगळाच.

खरी डोकेदुखी दुसरीच: खोटा जन्मदाखला, खोटा पत्ता देऊन काढलेला अस्सल पासपोर्ट. तो मशीनला खराच दिसतो. म्हणून सीमेची सुरक्षा निम्मी तरी आपल्या गावच्या पोलीस पडताळणीवर अवलंबून असते, आणि तिथे 'चहापाणी' करून सही घेणारे महाभाग आहेतच.

2025 च्या नव्या इमिग्रेशन कायद्यात बनावट पासपोर्ट वापरला तर 2 ते 7 वर्षं कैद, वर 1 ते 10 लाख दंड. साधा पासपोर्ट 1500 रुपयांत होतो. सरकारी वेबसाइटवर स्वतः अर्ज भरा.