वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे : चट्टे, ट्यूबा आणि चाचण्या

गेल्या अंकात त्वचाविकारांवरील संशोधनाविषयी प्रश्न मागवले होते. सोलापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावे वाचकांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : यंत्रमागावर बारा-बारा तास उभा असतो. जांघेत आणि कमरेला गजकर्ण होऊन वर्ष झालं. मेडिकलमधून ट्यूब आणली की चार दिवसांत खाज जाते, बंद केली की दुप्पट उठते. पंधरा दिवस गोळ्यापण खाल्ल्या. आता बायकोला आणि पोरालापण सुरू झालंय. औषधच खोटं आहे का?
— एक कामगार, अशोक चौक

उत्तर : औषध खोटे असण्याची शक्यता कमी. चुकीचे औषध, अपुरे माप आणि अपुरे दिवस, हीच शक्यता जास्त.

आधी ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एकही नाव दिसले तर त्यात स्टिरॉइड आहे. सोबत ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल आणि एखादे बुरशीनाशक अशी चार-पाच औषधांची मिसळ बऱ्याच ट्यूबांत असते. स्टिरॉइड दाह दाबते, म्हणून खाज चार दिवसांत थांबते; पण त्याच वेळी त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी निवांत पसरते. गजकर्णाची ठरलेली गोल, उठावदार कडा पुसट होते आणि मग डॉक्टरांनाही ते पटकन ओळखू येत नाही. जांघेसारख्या पातळ, घामट जागी महिनोन्महिने स्टिरॉइड लावले तर कातडीवर कायमचे वळ पडतात. ते पुढे कोणत्याही मलमाने जात नाहीत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइडे चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून शेड्यूल एचमध्ये घातली. काउंटरवर काय चालते ते तुम्हाला ठाऊक आहेच.

दुसरी गोष्ट बुरशीची. आपल्याकडे सध्या पसरलेल्या बुरशीला २०२० मध्ये जपानमधील संशोधकांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. बुरशीला आपल्या पेशीचे आवरण बांधायला एक विकर (एन्झाइम) लागते आणि टर्बिनाफिन हे बुरशीनाशक नेमके त्यालाच अडवते. या बुरशीच्या अनेक नमुन्यांत त्या विकराचा जनुक बदललेला आढळतो. म्हणजे गोळी घेतली तरी तिला धरायला जागाच उरत नाही. म्हणून बरेच त्वचारोगतज्ज्ञ इट्राकोनाझोल देतात. ते वेगळ्या विकरावर काम करते. दिल्लीतील एका चाचणीत रुग्णांचे तीन गट पाडून इट्राकोनाझोलचे रोज १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅम डोस ताडून पाहिले. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. १०० आणि २०० यांत ठळक फरक दिसला नाही, आणि ४०० चा फायदा खर्चाच्या मानाने फारसा नव्हता. आणि आजार उलटण्याचे प्रमाण तिन्ही गटांत मोठे होते. म्हणजे नुसता डोस वाढवून हा आजार आटोक्यात येत नाही.

इट्राकोनाझोलची कॅप्सूल भरल्या पोटीच घ्यायची. रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. सकाळी ॲसिडिटीची गोळी घेत असाल तर पोटातले आम्ल कमी होऊन तीच अडचण येते; डॉक्टरांना तसे सांगा. हृदय कमकुवत असल्यास किंवा कोलेस्टेरॉलची काही औषधे चालू असल्यास हे औषध चालत नाही. तेव्हा शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर घेऊ नका.

आता मलमाचे माप. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढली की पुरुषाच्या बोटावर साधारण अर्धा ग्रॅम होते आणि ते बोटांसह दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. जांघा आणि कंबर मिळून चार तळव्यांएवढी जागा धरली तर एका वेळी एक ग्रॅम, दिवसातून दोनदा म्हणजे दोन ग्रॅम. १५ ग्रॅमची ट्यूब आठवड्यात संपली पाहिजे. तुमची महिनाभर पुरत असेल तर मलम लागतच नाही, नुसते हात फिरवणे होते. लावताना कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटर जा आणि चट्टा पूर्ण गेल्यावरही दोन आठवडे लावत राहा.

बायको आणि मुलाचा उपचार तुमच्याबरोबरच सुरू व्हायला हवा, नाहीतर आजार घरातल्या घरात फिरत राहील. कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून कडक उन्हात वाळवा. घट्ट जीन्स आणि नायलॉनचे आतले कपडे बंद. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. टॉवेलच्या गावात एवढे तरी जमावे! स्टिरॉइडची ट्यूब सोडल्यावर पहिले काही दिवस खाज उसळते. लोक तिथेच कच खाऊन जुन्या ट्यूबकडे वळतात. त्या दिवसांसाठी खाजेची गोळी आधीच लिहून घ्या. शक्यतो चट्ट्याची कड खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला सांगा. त्या खरवडीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकले की कातडी विरघळते आणि बुरशीचे धागे उघडे दिसतात. तपासणी स्वस्त आहे आणि उत्तर त्याच दिवशी मिळते.

प्रश्न : मला सोरायसिस आहे. पुण्याच्या एका दवाखान्यात नव्या औषधाच्या चाचणीत नाव घालायचं विचारत आहेत. कागदांची चळत दिली आहे, सही करताना व्हिडिओ काढणार म्हणतात. निम्म्या लोकांना खोटी गोळी देतात असंही ऐकलं. सही करावी का?
— एक शिक्षक, जुळे सोलापूर

उत्तर : सही करावी की नाही ते तुम्हीच ठरवायचे, पण काय विचारायचे ते सांगता येईल.

चाचणीची सी.टी.आर.आय. या देशातील वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदणी झाली आहे का ते पाहा. आपल्याकडे २००९ पासून ही नोंदणी बंधनकारक आहे आणि संकेतस्थळावर क्रमांक टाकला की कोणते औषध, कोणत्या टप्प्यात, किती रुग्णांवर, हे कोणालाही दिसते. क्रमांक सांगायला टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरा. माहितीपत्रक मराठीत मिळाले पाहिजे आणि सही केलेल्या संमतिपत्राची प्रत तुमच्या हातात पडली पाहिजे. घरी नेऊन वाचायला वेळ मागा. चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या नीतिमत्ता समितीचा फोन त्यात असतो. तो सजावटीसाठी नसतो, लावून पाहा.

व्हिडिओची भीती नको. नव्या रेणूच्या, म्हणजे अगदी नव्या औषधाच्या, चाचणीत दुर्बल घटकांतील रुग्णांची संमती ध्वनिचित्रमुद्रित करावी असे २०१९ च्या नव्या औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांत आहे आणि काही केंद्रे ते सर्वांसाठीच करतात. कुष्ठरोग आणि एचआयव्हीच्या औषधांना यातून सूट आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून तिथे फक्त आवाज नोंदवायचा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि ठरलेल्या सूत्राने भरपाई, हेही त्याच नियमांत आहे.

ज्याला तुम्ही खोटी गोळी म्हणता ती प्लासिबो. निम्म्यांनाच मिळते असे नाही. तीनात एक, चारात एक असेही प्रमाण असते. ते संमतिपत्रात लिहिलेले असते. विचारायचे ते हे : प्लासिबो गटाला किती आठवड्यांनी खरे औषध मिळणार? मध्येच आजार भडकला तर कोणते औषध वापरायची मुभा आहे? आणि चाचणी संपल्यावर औषध चालू राहणार का? सर्वांत जास्त निराशा शेवटच्या मुद्द्यावर होते. अंग स्वच्छ झाले, चाचणी संपली, औषध बंद आणि चट्टे परत.

चाचणीचे औषध सुरू होण्याआधी आणखी एक टप्पा आहे, ज्याबद्दल रुग्णांना फार कमी सांगितले जाते. जुनी औषधे शरीरातून निघून जावीत म्हणून लावायची मलमे साधारण दोन आठवडे आणि पोटातली औषधे साधारण चार आठवडे आधी थांबवतात. त्या काळात सोरायसिस उसळू शकतो. वार्षिक परीक्षा किंवा घरातले लग्न त्या महिन्यात येत असेल तर आधी बोलून ठेवा. क्षयरोगाची तपासणीही करतात, कारण प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या काही औषधांनी दबलेला टीबी वर येऊ शकतो.

चाचणीच्या निकालांत सांगतात तो ‘७५ टक्के फरक’ कसा मोजतात तेही जाणून घ्या. शरीराचे चार भाग धरतात : डोके १०, हात २०, धड ३० आणि पाय ४० टक्के. प्रत्येक भागात लाली, जाडी आणि पापुद्रे यांना ० ते ४ गुण आणि व्यापलेल्या जागेला ० ते ६. समजा पायांवर लाली २, जाडी ३, पापुद्रे २, म्हणजे ७. जागा १० ते २९ टक्के असेल तर तिचे २ गुण. ७ गुणिले २ गुणिले ०.४ म्हणजे ५.६. चारही भागांची बेरीज म्हणजे पासी. एकूण १२ चा आकडा ३ वर आला की ‘पासी ७५’ मिळाले म्हणायचे. उरलेले ते ३ नेमके तळहातावर असतील तर फळ्यावर खडू धरताना रोजच त्रास होईल, पण कागदावर यशच. म्हणून दहा प्रश्नांची जीवनमान प्रश्नावलीही भरून घेतात. ती घाईत टिचक्या मारून देऊ नका.

आणि सोलापूर-पुणे अंतर गृहीत धरा. भेटीची तारीख दोन-तीन दिवस इकडेतिकडे चालते, त्यापुढे नोंद बिघडते. गड्ड्याची यात्रा, सुगी, शाळा हे सगळे सांभाळून जमेल का? प्रवासखर्च मिळतो का? मलमाची चाचणी असेल तर रिकाम्या ट्यूबाही परत मागतात आणि त्यांचे वजन करतात, म्हणजे खरोखर किती लावले ते कळते. मधूनच घरचे तेल किंवा आयुर्वेदिक लेप लावला तर सांगून टाका. लपवले तर तुमचा तोटा आणि निष्कर्षाचाही. चाचणी कधीही, कारण न देता सोडता येते आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत.

प्रश्न : पहिल्या नातवाला इसब होता. दुसऱ्या बाळाला जन्मापासून रोज मॉइश्चरायझर लावलं तर टळेल का?
— एक आजी, अक्कलकोट

उत्तर : नाही टळत. ब्रिटनमध्ये अशाच जोखमीच्या १,३९४ बाळांवर चाचणी झाली (२०२०). वर्षभर रोज लावूनही दुसऱ्या वर्षी इसबाचे प्रमाण २३ टक्के, न लावणाऱ्यांत २५. म्हणजे फरक नाहीच. उलट त्वचेचे जंतुसंसर्ग लावणाऱ्या गटात किंचित जास्त दिसले. इसब झाल्यावर मात्र मॉइश्चरायझर हवेच. ते वेगळे.

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची, कोड आहे. तोंडावर दोन डाग, बोटांच्या टोकांवर चार. अमेरिकेत नवं मलम निघालंय, तीस टक्के गुण येतो म्हणे. एवढाच? आणि बावचीचं तेल लावून उन्हात बसवावं का?
— एक आई, होटगी रोड

उत्तर : मलमाचे नाव रक्सोलिटिनिब, १.५ टक्के. अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये १२ वर्षांवरील रुग्णांसाठी त्याला मान्यता मिळाली. तीस टक्क्यांचा अर्थ प्रत्येकीचे डाग तीस टक्के भरतात असा नाही. चेहऱ्यावरच्या पांढऱ्या भागात किमान ७५ टक्के सुधारणा झालेले रुग्ण, २४ आठवड्यांनी, दर शंभरात सुमारे तीस. औषध नसलेले तेच मलम लावणाऱ्यांत ७ ते ११. एवढे कडक माप लावल्यावर हा आकडा चांगलाच म्हणायचा. वर्षभर लावत राहणाऱ्यांत तो आणखी वाढला.

पण चाचणीत कोण होते ते बघा. बहुसंख्य गोऱ्या वंशाचे होते, आणि डाग अंगाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसलेलेच घेतले होते. स्वतःचा बोटांसह तळवा म्हणजे एक टक्का, यावरून अंदाज बांधा. चेहरा लवकर भरतो. बोटांची टोके, ओठ आणि जिथले केसही पांढरे झाले आहेत ती जागा हट्टी असते, कारण रंगपेशींचा साठा केसांच्या मुळाशी असतो आणि बोटांच्या टोकांवर केसच नाहीत. तेव्हा तोंडावरच्या डागांबद्दल आशा ठेवा आणि बोटांबद्दल मुलीला आधीच खरे सांगा. मलम लावलेल्या जागी पुटकुळ्या येऊ शकतात.

बावचीचे तेल आणि सोलापूरचे ऊन, हे नको. बावचीतले सोरालेन उन्हातल्या अतिनील किरणांनी पेटते आणि भाजल्यासारखे फोड एक-दोन दिवसांनी उठतात. तोवर आई दुसऱ्यांदाही तेल लावून बसलेली असते. कोडात भाजलेल्या जागी नवा डागही पडू शकतो. यापेक्षा ३११ नॅनोमीटरची नॅरोबँड अतिनील किरणे आठवड्यातून दोन-तीनदा, मोजून, डॉक्टरांकडे घ्या. फोटो दर तीन महिन्यांनी, त्याच खिडकीशी, त्याच वेळी काढा. रोज आरशात बघून काही कळत नाही.

प्रश्न : चादरीच्या सुताच्या डाईंगमध्ये आहे. हाताला चिरा, पाणी, खाज. डॉक्टर पॅच टेस्ट सांगतात. ती एप्रिलमध्ये करायला का नको म्हणतात?
— एक रंगारी, एम.आय.डी.सी.

उत्तर : पॅच टेस्ट म्हणजे कशाची ॲलर्जी आहे ते शोधायची तपासणी. पाठीवर ८ मिलिमीटरच्या छोट्या चकत्यांत एकेक रसायन, ठरलेल्या प्रमाणात, भरून चिकटवतात. निकेल सल्फेट ५ टक्के, काळ्या केशरंगातले पीपीडी १ टक्का, अशी. ती ४८ तास हलता कामा नये. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामाने पट्टीच सुटते, आणि घामोळे उठले तर वाचायचे काय? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. तोवर काम सोडता येत नसेल तर पट्टी लावलेले दोन-तीन दिवस तरी सुट्टी घ्या आणि पाठीला पाणी लावू नका.

पट्टी काढल्यावर अर्धा-एक तास थांबून पहिले वाचन, दुसरे तिसऱ्या-चौथ्या दिवशी. दुसऱ्याला जायचा कंटाळा करू नका. नुसत्या जळजळीची लाली तोवर उतरते, ॲलर्जीची चढते. दोन्हींतला फरक तिथेच कळतो. पाठीवर आठवडाभर आधीपासून स्टिरॉइड मलम नको आणि पोटातून स्टिरॉइड चालू असेल तर सांगा. खाजेची साधी गोळी मात्र या तपासणीसाठी बंद करावी लागत नाही.

कारखान्यातल्या रंगाचे नाव, शक्यतो पिंपावरच्या लेबलाचा फोटो आणि सुरक्षा माहितीपत्रक सोबत न्या. रंगाची पूड तशीच पाठीवर लावून घेऊ नका. विरळ न करता लावली तर कोणाचीही कातडी भाजेल. तपासणीआधी एक गोष्ट आजच बंद करा : हाताचा रंग काढायला ब्लीच किंवा हायड्रो (रंग उडवायची पूड) वापरणे. रंगाने जेवढी कातडी फुटत नाही तेवढी त्याने फुटते. नायट्राइलचे हातमोजे, आत सुती. साध्या रबरी हातमोज्यांतल्या रसायनांचीच ॲलर्जी निघते असेही होते. हातमोजे आतून ओले झाले तर लगेच बदला. रात्री चिरांवर पेट्रोलियम जेली लावून सुती मोजे घाला. तपासणीत जे निघेल त्याचे नाव चिठ्ठीवर लिहून मिळते. ती चिठ्ठी मुकादमालाही दाखवा, कारण हात चांगले राहायचे तर रंगाच्या पिंपाऐवजी वाळवणीवर किंवा घडीवर काम मिळणे मलमाइतकेच गरजेचे आहे.