भरलेले विमान बंद का होते?

या महिन्यात आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे विमानसेवेविषयीची आहेत. पहिल्या पत्रातील प्रश्न थोड्याफार फरकाने अनेकांनी विचारलेला असल्यामुळे त्याला सविस्तर उत्तर देत आहे.

प्रश्न : माझे सासर मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या गावी आहे. पुण्याहून तेथे थेट विमान सुरू झाले, तेव्हा रात्रभराचा बसचा प्रवास सुटला म्हणून आम्ही फार आनंदलो होतो. मी त्या विमानाने सहा वेळा गेले आणि सहाही वेळा जवळजवळ सर्व जागा भरलेल्या होत्या. तरीही आधी रोजची फेरी आठवड्यातून तीन दिवसांवर आली आणि पुढे ती बंदच झाली. प्रवासी मिळत असताना फेरी बंद का करतात? आणि एवढा खर्च करून उभारलेल्या त्या विमानतळाचे आता काय होणार?
— एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : आपण कळवलेल्या गावाचे नाव मुद्दामच छापलेले नाही, कारण पुढे लिहिलेले बहुतेक सर्व महाराष्ट्रातील निम्म्या छोट्या विमानतळांना लागू पडेल. आपल्या पत्रातील सहा प्रवासांच्या तारखा मात्र मी बारकाईने पाहिल्या. दोन दिवाळीच्या आहेत, दोन मे महिन्यातल्या, एक गौरी-गणपतीची आणि एक लग्नसराईतली. त्या दिवसांत एसटीतही उभे राहायला जागा नसते. विमान कंपनी हिशेब मांडते तो श्रावणातल्या एखाद्या मंगळवारचा, जेव्हा तेच विमान पंचवीस-तीस प्रवासी घेऊन उडते आणि वैमानिकांचा पगार, विमानाचे भाडे व देखभाल यांत एका पैशाचीही सूट मिळत नाही.

पण वर्षभर चांगले भरणारे विमानही बंद होऊ शकते, आणि आपल्या प्रश्नाचा खरा गाभा येथेच आहे. एसटीची बस डेपोची असते, तसे विमान मार्गाचे नसते. ते कंपनीचे असते आणि ज्या मार्गावर ते तासाला अधिक कमावील त्या मार्गावर कंपनी ते नेते. छोट्या गावांना जाणारे एटीआर हे पंख्यांचे विमान साधारण सत्तर ते अठ्ठ्याहत्तर जागांचे असते, तर पुणे-दिल्ली किंवा पुणे-बंगळुरू मार्गावरच्या एअरबसमध्ये एकशे ऐंशीच्या आसपास जागा असतात. लोहगावच्या धावपट्टीवर मात्र दोघांनाही उतरण्यासाठी आणि उडण्यासाठी तेवढाच वेळ राखून ठेवावा लागतो. हा राखून ठेवलेला वेळ, ज्याला सगळेच ‘स्लॉट’ म्हणतात, पुण्यात फार मोलाचा आहे, कारण लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. १९९७ मध्ये सुखोई विमाने प्रथम दाखल झाली ती येथेच. हवाई दलाच्या सरावाच्या वेळा वगळून उरेल त्यात नागरी विमाने बसवावी लागतात. जुलै २०२४ मध्ये नवीन टर्मिनल प्रवाशांसाठी खुले झाले आणि आतली गर्दी बरीच सुसह्य झाली, पण टर्मिनल वाढल्याने धावपट्टी वाढत नाही. तेव्हा पुण्याचा सकाळचा स्लॉट सत्तर प्रवाशांच्या विमानाला द्यावा की एकशे ऐंशींच्या, हा प्रश्न कंपनीपुढे आला की त्याचे उत्तर आपल्या सासरच्या गावाच्या बाजूने क्वचितच लागते.

दुसरे कारण साखळीचे आहे. असे समजा, की एक एटीआर सकाळी हैदराबादहून निघून आपल्या गावी उतरते, तेथून पुण्याला येते, पुन्हा त्याच गावी जाते आणि दुपारपर्यंत हैदराबादला परतते. आपल्या गावी सकाळी धुके असले, तर पहिलीच फेरी दीड तास उशिरा उतरते. पुण्यात येईपर्यंत ठरलेला स्लॉट गेलेला असतो, पुढच्या मोकळ्या वेळेपर्यंत थांबावे लागते, आणि तोवर वैमानिकांच्या कामाचे तास संपत आलेले असतात. अशा वेळी साखळीतली जी कडी सोडता येईल ती सोडली जाते, आणि ती कडी नेहमी छोट्या गावाचीच असते. हैदराबादहून त्या विमानाला पुढे आणखी कोठे जायचे असते आणि तेथे प्रवासी अधिक असतात.

आता छोट्या गावांना परवडणाऱ्या भाड्यात विमानाने जोडण्यासाठी केंद्र सरकारने आणलेल्या ‘उडान’ योजनेविषयी. या योजनेतील पहिल्या विमानाला पंतप्रधानांनी २७ एप्रिल २०१७ रोजी सिमल्यात हिरवा झेंडा दाखवला आणि त्याच कार्यक्रमात नांदेड-हैदराबाद सेवाही सुरू झाली, हे आपल्याकडे पुष्कळांच्या लक्षात नसेल. योजनेची मांडणी अशी, की विमानातील सुमारे निम्म्या जागा ठरावीक कमाल भाड्यात विकायच्या (एक तासाच्या प्रवासाला सुरुवातीला हे भाडे २,५०० रुपये ठेवले होते), आणि त्यामुळे कंपनीला येणारी तूट सरकारने भरून द्यायची. त्या तुटीचा पाचवा हिस्सा राज्य सरकार देते; उरलेला भाग ज्या निधीतून येतो, तो मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकारणी करून उभा केलेला आहे, म्हणजे दिल्लीला जाणारा पुणेकरही नकळत आपल्या सासरच्या विमानाला हातभार लावत होता. शिवाय अशा विमानतळांवर विमान उतरवण्याचे आणि उभे करण्याचे शुल्क माफ असते व इंधनावरचा राज्याचा कर नाममात्र ठेवला जातो. यांपैकी तूटभरणी फक्त तीन वर्षांसाठी. तेवढ्या काळात मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, अशी अपेक्षा होती.

ती किती फळाला आली याचा हिशेब नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आहे. पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग मंजूर झाले. त्यांपैकी ४०३ मार्गांवर विमान सुरूच होऊ शकले नाही. सुरू झालेल्या ३७१ मार्गांपैकी ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली, आणि मदत थांबल्यावर मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिले होते ते फक्त ५४. आपला मार्ग बंद पडला हा अपवाद नव्हता. टिकला असता तर तो अपवाद ठरला असता.

महाराष्ट्रातली उदाहरणे समोरच आहेत. नांदेडची ती पहिली सेवा देणारी ट्रूजेट कंपनी फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली आणि तिच्याबरोबर तिच्या मार्गांवरचे वेळापत्रकही गेले. सिंधुदुर्गातील चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला आणि तीन वर्षांची मुदत सरताच मुंबईची उडान फेरी बंद झाली; दरम्यान जानेवारी २०२३ पासून गोव्यात मोपा येथून विमाने उडू लागली होती आणि सावंतवाडी-बांद्याच्या माणसाला ते अधिक सोयीचे पडते, कारण तेथून दिवसभरात अनेक शहरांना विमाने आहेत. सोलापूरची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. विमानाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, त्यावरून शहर दोन तटांत विभागले गेले, आणि प्रत्यक्षात गोव्याचे पहिले नियमित विमान उडाले ते जून २०२५ मध्ये. चिमणी पाडणे सरकारच्या हातात होते. त्या धावपट्टीवर विमान आणणे कोणा कंपनीच्या हातात होते.

आपला दुसरा प्रश्न विमानतळाचे काय होणार हा होता. काही वर्षांपूर्वी अशाच एका विमानतळावर मी उतरलो होतो. तेव्हा तेथे आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला एकच विमान येत असे. सामानाचा पट्टा सुरू झाला, अकरा पिशव्या आल्या, पट्टा बंद झाला आणि दालनातले दिवेही मागोमाग मालवले गेले. बाहेर अग्निशमनाची मोठी गाडी दोघे जण पाइप लावून धूत होते. प्रवासी असोत वा नसोत, ही गाडी, तिचे कर्मचारी, सुरक्षा व्यवस्था, धावपट्टीचे दिवे आणि कुंपण हे सर्व परवान्याच्या अटींप्रमाणे राखावेच लागते. उत्पन्न मात्र प्रवाशांच्या संख्येबरोबर घटते. दारातल्या उपाहारगृहाच्या चालकाने मला सांगितले, की तो आता दूध विमान उतरल्याचा फोन आल्यावरच आणतो, कारण दोनदा विमान रद्द झाले आणि दोनदा त्याचे दूध नासले. टॅक्सीवाल्यांनी रांग लावणे कधीच सोडले होते. आधी फोन केला तरच गाडी येई. विमानतळाला कुलूप लागत नाही, त्याच्याभोवतीची ही वस्ती मात्र एकेक करून उठते, आणि पुढे नवी कंपनी आली तरी ती लगेच परत येत नाही.

प्रवाशांचेही तसेच आहे. एकदा ऐन वेळी विमान रद्द झाले आणि सकाळच्या कोर्टाच्या तारखेला पोहोचता आले नाही, तर तो वकील पुढच्या वेळी संगमवाडीहून रात्रीची स्लीपर बस धरतो. सोलापूरला वंदे भारत २०२३ पासून आणि कोल्हापूरला २०२४ पासून आहे. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. तीन-चार तास वाचवणारे पण भरवसा नसलेले विमान आणि वेळ खाणारी पण हमखास पोहोचवणारी गाडी यांत आपला माणूस गाडीच निवडतो, आणि माझ्या मते तो शहाणपणाच करतो. म्हणूनच मला असे वाटते, की सरकारने रिकाम्या जागांचे पैसे मोजण्यापेक्षा ठरलेली फेरी ठरल्या वेळी गेली की नाही, यावर मदत बेतली पाहिजे. स्वस्त तिकिटाने माणूस एकदा विमानात बसतो. तो दुसऱ्यांदा बसतो की नाही, हे पहिल्या वेळी विमान गेले होते की नव्हते यावर ठरते.

जाता जाता एक गोष्ट नमूद केली पाहिजे. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांसाठी पुरेशी तयारी नसल्याने इंडिगोच्या फेऱ्या देशभर कोलमडल्या आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या कंपनीला फेऱ्या कमी करण्यास सांगितले. हे प्रमाण आधी पाच आणि मग दहा टक्के झाले. त्या आदेशात कपात मुख्यतः जास्त फेऱ्यांच्या मार्गांवर करावी आणि जेथे दिवसाला एकच फेरी आहे ती टाळावी, असे बजावले होते. कपातीच्या वेळी छोट्या गावाचा विचार झाल्याचे असे उदाहरण विरळाच.

प्रश्न : पुण्यासारख्या शहरातून परदेशात थेट जाणारी विमाने इतकी थोडी का, आणि आहेत तीही मध्येच बंद का होतात? मुलगा सिंगापूरला असल्याने हा प्रश्न आमच्या घरी नेहमी निघतो.
— एक वाचक, औंध

उत्तर : लोहगावची धावपट्टी अडीच हजार मीटरच्या थोडी पुढे जाते आणि समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. उंचीवर आणि उन्हाळ्याच्या उष्णतेत हवा विरळ होते, त्यामुळे मोठ्या विमानाला पूर्ण इंधन व प्रवासी घेऊन उडण्यास ही लांबी अपुरी पडते. म्हणूनच २००८ मध्ये लुफ्तान्साने फ्रँकफर्टची सेवा सुरू केली, तेव्हा ती मोजक्या आसनांच्या लहान विमानाने केली होती. तीही पुढे बंद पडली. शिवाय परदेशी कंपन्यांना भारतातील कोणत्या शहरांत उतरता येईल हे दोन देशांच्या करारांत ठरते. सिंगापूरसारखे अंतर लहान विमानांच्या आवाक्यात आहे. अडचण अशी, की अशा मार्गावर दिवसाला एकच फेरी असते. १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघातानंतर एअर इंडियाने लहान विमानांच्या फेऱ्यांत कपात केली, तेव्हा पुणे-सिंगापूर, बंगळुरू-सिंगापूर आणि मुंबई-बागडोगरा हे तीन मार्ग १५ जुलैपर्यंत पूर्ण थांबवले. सिंगापूरला मुंबई-दिल्लीहून इतर विमाने होतीच, त्यामुळे कंपनीचे फारसे बिघडले नाही. बिघडले ते औंधहून निघणाऱ्यांचे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमाने उडू लागली आहेत आणि द्रुतगती मार्गाने ती पुण्याला मुंबईच्या विमानतळापेक्षा जवळ आहे, त्यामुळे परदेशी फेऱ्यांसाठी कंपन्या पुण्यापेक्षा तिकडे पाहतील, असा माझा अंदाज आहे. पुरंदरचा विमानतळ होईपर्यंत आपण मुलाला नवी मुंबईचे तिकीट पाहायला सांगावे, हे उत्तम.

प्रश्न : प्रवासाच्या नऊ दिवस आधी मार्गच बंद केल्याचा संदेश आला. एजंट म्हणतो, की पैसे परत मिळणार नाहीत, ते पुढच्या प्रवासासाठी कंपनीकडे जमा राहतील. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : बरोबर नाही. फेरी कंपनीने रद्द केली असेल, तर दुसरे विमान घ्यायचे की पैसे परत घ्यायचे, ही निवड प्रवाशाची आहे, आणि रक्कम कंपनीकडे जमा ठेवायची की नाही हेही प्रवाशानेच ठरवायचे असते. तिकीट एजंटकडून काढले असले, तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच राहते. आपण कंपनीला लेखी कळवावे, रद्द झाल्याचा संदेश जपून ठेवावा, आणि दाद लागली नाही तर केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. नुकसानभरपाई हा वेगळा भाग आहे. तासाभराच्या प्रवासासाठी ती फार तर ५,००० रुपये किंवा मूळ भाडे व इंधन अधिभार यांची बेरीज, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढी असते, आणि ती मुख्यतः वेळेत सूचना न देता फेरी रद्द झाल्यास लागू होते. आपल्याला नऊ दिवस आधी कळवले असल्याने तिची फारशी आशा धरू नये. तिकिटाचे पैसे मात्र सोडू नयेत.