मुलांच्या आपत्कालीन उपचारांवर वेगळे संशोधन कशासाठी? मोठ्यांवरचे निष्कर्ष पुरत नाहीत का?

पुरत नाहीत. मुलांमध्ये औषधाची मात्रा वजनावर ठरते, नाडी आणि श्वासाचे सामान्य प्रमाण वयानुसार बदलते, आणि गंभीर आजारात रक्तदाब बराच वेळ टिकून शेवटी अचानक कोसळतो. त्यामुळे मोठ्यांचे ठोकताळे येथे फसवे ठरतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे युगांडा, केनिया आणि टांझानियात झालेली व 2011 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘फीस्ट’ चाचणी. तीव्र ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या मुलांना शिरेतून झपाट्याने सलाईन द्यावे, हे तोवर जवळजवळ गृहीतच होते. प्रत्यक्षात, मुख्य गटातील 3,141 मुलांपैकी ज्यांना असे सलाईन दिले त्यांच्यातील 10.5 टक्के 48 तासांत दगावली, तर न दिलेल्यांमध्ये हे प्रमाण 7.3 टक्के होते. अतिदक्षतेच्या सोयी नसलेल्या रुग्णालयांतला हा निष्कर्ष सर्वत्र जसाच्या तसा लागू होत नाही, हे खरे. पण ‘उघडच आहे’ म्हणून चाललेला उपचारही तपासावा लागतो, हे त्याने दाखवले.

अडचण संख्येची असते, कारण एकेका रुग्णालयात गंभीर मुले थोडीच येतात. म्हणूनच अमेरिकेत 2001 मध्ये ‘पेकार्न’ हे रुग्णालयांचे जाळे उभे राहिले. त्याच्या 2009 च्या अभ्यासाने डोक्याला मार लागलेल्या 42,412 मुलांच्या नोंदींवरून सीटी स्कॅन कोणाला टाळता येईल, याचे नियम दिले, आणि दोन वर्षांखालील मुलांसाठी ते वेगळे ठेवले.

संमतीचा प्रश्न मात्र नाजूकच राहतो: मूल बेशुद्ध असताना पालकांपुढे अर्ज कसा ठेवणार? ‘फीस्ट’मध्ये अशा वेळी आधी तोंडी होकार घेतला आणि लेखी संमती नंतर घेतली.