दिवसभर राबते की, मग वेगळा व्यायाम कशाला?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी वडगावची, वय ४४. घरातच चार पॉवरलूम आहेत, नवरा मागावर आणि मी कांड्या भरायला, वर स्वैपाक, धुणंभांडी सगळं माझ्याकडंच. सहा महिने झाले मन कशातच लागेना, पहाटे तीनला जाग येते ती परत झोप नाहीच, उगीच रडू येतंय. डॉक्टरांनी नैराश्य म्हणून गोळी चालू केलीय आणि रोज अर्धा तास चाला म्हणालेत. पण दिवसभर मी राबतेच की, रात्री पाय ठणकतात, तो व्यायाम नव्हे का? आणि चालून डोक्यातलं दुखणं कसं बरं होणार? गोळी सोडून नुसतं चाललं तर?

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो वाचून मला काळजी वाटली. गोळी आपल्या मनानं सोडू नका, एकदम तर अजिबातच नको, चालणं गोळीच्या जोडीला घ्यायचं. पुढं गोळी कमी करायची का ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

आता राबण्याचं. कांड्या भरताना तुमची मान खाली, एक हात सारखा चालू, कंबर जागेवर, बाजूला मागांची खटखट, आणि डोक्यात मजुरी, तुटलेला धागा, पोरांची फी. यात अंग मोडून येतं पण छाती भरून श्वास चालत नाही, काळजाचे ठोके वाढत नाहीत, आणि मनाला सुट्टी तर नाहीच. अभ्यासांतही हेच दिसतंय की स्वतःच्या वेळात, स्वतःच्या मर्जीनं केलेल्या हालचालीचा मनाला जेवढा फायदा होतो तेवढा कामावरच्या कष्टाचा होत नाही. तुमच्या कष्टाला मी कमी लेखत नाही हो, उलट एवढं करूनही तुमच्या वाट्याला तो फायदा येत नाही याचंच मला वाईट वाटतं.

आणि चालून डोक्यात काय होतं विचाराल तर बरंच होतं. कानाच्या आतल्या बाजूला खोलवर मेंदूचा एक लहानसा भाग असतो, हिप्पोकॅम्पस म्हणतात, आठवणी तिथं पक्क्या होतात आणि ताण आवरायलाही तो मदत करतो. बरेच दिवस नैराश्य असलेल्यांमध्ये तो थोडा आक्रसलेला सापडतो. दम लागेल असं चाललं की मेंदूत बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं, पेशींना खत घातल्यासारखंच समजा, त्यांची एकमेकींशी जोडणी सुधारते. अमेरिकेत ५५ ते ८० वयाच्या १२० जणांवर एक अभ्यास झाला, २०११ साली छापून आला. निम्मे लोक आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं झपझप चालले, बाकीच्यांनी नुसते अंग ताणायचे हलके व्यायाम केले. वर्षानं चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस साधारण २ टक्के वाढला होता, बाकीच्यांचा १.४ टक्के कमी झाला होता. त्या वयात वाढला म्हणजे बघा!

नैराश्याचंच बोलायचं तर ड्यूक विद्यापीठात १९९९ ला पन्नाशी ओलांडलेल्या १५६ रुग्णांचे तीन गट केले, एकाला गोळी, एकाला व्यायाम, एकाला दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले, पण सुरुवातीला गोळीचा गुण लवकर आला. म्हणून तर म्हणते, आत्ता तुम्हाला दोन्ही पाहिजेत.

अर्धा तास ऐकूनच जीव दडपत असेल तर दहा मिनिटांनी सुरुवात करा. नैराश्यात चप्पल पायात घालणंसुद्धा डोंगराएवढं वाटतं, तो आळस नव्हे, आजारच तसा आहे. एकटीनं गेलं की गल्लीतले बघत बसतात असं पुष्कळ बायका मला सांगतात, तर शेजारणीला घेऊन जा, रविवारी बेळगावातल्या वॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात झाडांखाली एक फेरी मारा. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग पुरे. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या पावसात घरातल्या जिन्यावर चढउतार करा, तेही चालतंय. आणि जगणंच नको असा विचार कधी आला तर त्याच क्षणी घरच्यांना सांगा, १४४१६ या टेली मानसच्या नंबरवर फोन लावा, फुकट आहे, रात्रीसुद्धा उचलतात.

प्रश्न : मी खानापूरचा, पोलीस भरतीची तयारी चाललीय. पळायचा सराव आणि लेखीचा अभ्यास दोन्ही करतोय. पळून आल्यावर अभ्यास करावा की आधी?

उत्तर : दोन्ही जमतंय बघ. घाम गाळून आल्यावर थोडा वेळ लक्ष चांगलं लागतं, त्यामुळं सकाळी पळून, आंघोळ-नाष्टा करून गणितं घे. पण पाठांतराचं एक मजेशीर आहे. नेदरलँड्समध्ये २०१६ साली ७२ जणांना चित्रांच्या जागा लक्षात ठेवायला दिल्या, काहींनी लगेच व्यायाम केला, काहींनी चार तासांनी, काहींनी केलाच नाही. दोन दिवसांनी विचारलं तर चार तासांनी करणाऱ्यांना जास्त आठवत होतं. एकाच अभ्यासावर सगळं टाइमटेबल बदलू नको, पण दुपारी एकला सनावळ्या पाठ करून पाचला मैदानावर जाऊन बघायला काय हरकत आहे? झोप मात्र तोडू नको, पाठ केलेलं पक्कं व्हायला ती लागतेच.